उजेडाच्या जुन्या नळ्या

गावच्या जत्रेत शोभेची दारू उडते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. बाण सूं करीत वर जातो. भुईनळा कारंज्यासारखा उसळतो. आणि चंद्रज्योत पेटवली म्हणजे? सारे अंगण दुधाने धुतल्यासारखे दिसते. पडलेली सुई सापडावी असा तो उजेड.

फौजेपाशीही अशी एक चंद्रज्योत असते. ती शोभेसाठी नसते. काळोख्या रात्री शत्रू कोठे आहे, वाट कोठे आहे, जखमी माणूस कोठे पडला आहे, हे पाहायला ती लागते. इंग्रजीत तिला फ्लेअर म्हणतात. या पाठात आम्ही तिला नुसते ज्योत म्हणू.

ही ज्योत तोफेतून उडवतात, नाहीतर विमानातून खाली टाकतात. हवेत गेली की तिची एक लहानशी छत्री उघडते. पॅराशूट म्हणतात ते हेच. छत्रीला लोंबकळत ज्योत सावकाश खाली येते आणि येता येता जळत राहते. अमेरिकेच्या विमानांतून टाकतात ती मोठी ज्योत तीन फूट लांब असते. तिचे वजन तेरा-चौदा किलो. ती चार-पाच मिनिटे जळते, आणि तेवढ्या वेळात खालची शिवारेच्या शिवारे उजळून निघतात. समुद्रावरच्या मोठ्या जहाजांवरही ज्योती ठेवाव्या लागतात. त्या तांबड्या असतात. जहाज संकटात सापडले की मदत बोलावायला ती उडवतात. ती निदान ३०० मीटर उंच जावी आणि निदान ४० सेकंद जळावी, असा सगळ्या देशांनी मानलेला नियम आहे.

जी जळली ती कामी आली. पण जी जळलीच नाही तिचे काय? आज आपल्याला तिच्याविषयी बोलायचे आहे.

खोक्यात म्हातारी झालेली ज्योत

फौजा ज्योती करून घेतात आणि कोठारात खोक्यांत भरून ठेवतात. लढाई उद्या होईल की वीस वर्षांनी होईल, की होणारच नाही, हे कोणाला ठाऊक? म्हणून साठा मोठा असतो. घरात बी-बियाणे जपून ठेवावे तसा तो ठेवतात. पण बियाणे जुने झाले की उगवत नाही. ज्योतीचेही तसेच आहे.

ज्योतीच्या नळीत मुख्यतः तीन वस्तू असतात. पहिली, मॅग्नेशियम नावाच्या धातूची भुकटी. दुसरी, सोऱ्याच्या जातीचे एक मीठ. तिसरी, या दोघांना घट्ट धरून ठेवणारा चिकटा.

मॅग्नेशियम हे नाव शेतकऱ्याला नवे नाही. कपाशीवर लाल्या आला, पाने तांबडी पडू लागली, की आपण मॅग्नेशियम सल्फेट फवारतो. त्या खतात जे मॅग्नेशियम असते, तेच येथे धातूच्या रूपात असते. दिसायला चांदीसारखे, वजनाला ॲल्युमिनियमहूनही हलके. त्याची भुकटी पेटली की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. त्या उजेडाकडे टक लावून पाहू नये. डोळ्यांना इजा होते.

दुसरी वस्तू सोऱ्याच्या जातीची, असे आम्ही म्हटले. बंदुकीच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो, हे जुन्या माणसांना माहीत असेल. सोऱ्याचे काम काय? आग जळायला हवा लागते. चुलीला आपण फुंकणीने हवा घालतो. नळीत कोंबून भरलेल्या दारूला हवा कोण घालणार? सोऱ्याच्या पोटात प्राणवायू असतो. तापला की तो बाहेर पडतो आणि आग आतूनच फुलते. उजेडाच्या ज्योतीत बहुधा सोडियम नायट्रेट घालतात. याला पूर्वी चिलीचा सोरा म्हणत. दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे, तेथल्या वाळवंटातून तो खणून काढीत आणि जहाजे भरभरून युरोपात खत म्हणून नेत.

आता या नळीत दमट हवा शिरली तर काय होईल? मॅग्नेशियमला पाण्याची बाधा होते. लोखंडाला गंज चढतो तसा त्यावर पांढरा थर चढतो. शिवाय त्यातून हायड्रोजन नावाचा वायू निघतो. तो स्वतः पेटणारा आहे. म्हणजे जुनी ज्योत एक तर पेटत नाही, नाहीतर नको तेव्हा पेटते. पहिल्या खोडीने शिपाई अंधारात राहतो. दुसऱ्या खोडीने कोठाराला आग लागते. म्हणून मुदत संपलेली ज्योत फौज बाजूला काढते.

बाजूला काढली. पुढे काय?

"जळायसाठीच केली, तर जाळून टाकावी"

आमच्या एका रात्रीच्या वर्गात हा विषय निघाला होता. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "अहो, यात अवघड काय? ती वस्तू जळायसाठीच केलेली. खड्डा खणा, आत टाका, काडी लावा. मोकळे व्हा."

आजोबांचे म्हणणे खोटे नाही. जगभरच्या फौजांनी कित्येक वर्षे हेच केले. मोठमोठे खड्डे खणले, त्यांत जुना माल टाकला आणि उघड्यावर जाळला. पण एक ज्योत आकाशात जळणे वेगळे आणि हजार ज्योती एकाच खड्ड्यात, वर्षानुवर्षे जळणे वेगळे. एक बिडी ओढली तर धूर दिसतो न दिसतो. तोच धूर बंद खोलीत रोज कोंडला तर भिंत काळी होते.

त्यातून रंगीत ज्योतींची गोष्ट आणखी निराळी. चुलीत मिठाचा खडा पडला की जाळ पिवळा होतो, हे बायकांनी पाहिलेले असते. तांब्याची तार जाळात धरली तर हिरवट कड दिसते. रंगीत दारूचे गुपित एवढेच आहे. तांबड्या रंगासाठी स्ट्रॉन्शियमचे क्षार घालतात, हिरव्यासाठी बेरियमचे. पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी असतात. पोटात गेले तर स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. आणि पुष्कळ ज्योतींत, फटाक्यांत सोऱ्याऐवजी परक्लोरेट नावाचा क्षार घालतात. नाव अवघड आहे. पण ते लक्षात ठेवावे, कारण पुढची हकिगत त्याचीच आहे.

बोर्न गावच्या विहिरी

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. तेथे केप कॉड म्हणून समुद्रात शिरलेली जमिनीची एक पट्टी आहे. जमीन रेताड. पाऊस पडला की पाणी झरझर खाली मुरते. तेथले लोक जमिनीखालचेच पाणी पितात. त्यांना दुसरे पाणी नाही.

या पट्टीवर फौजेचे सरावाचे मैदान आहे. तेथे कित्येक वर्षे तोफा उडाल्या, ज्योती जळल्या, जुना दारूगोळा उडवून नष्ट केला गेला. १९९७ साली अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्याने तेथला खऱ्या दारूगोळ्याचा सराव थांबवला. पाण्याची चिंता होती म्हणून. आणि चिंता खरी ठरली. २००२ साली शेजारच्या बोर्न गावच्या पाणीपुरवठ्यात परक्लोरेट सापडले. गावाने आपल्या काही विहिरी बंद केल्या.

परक्लोरेट काय करते? आपण आयोडीनयुक्त मीठ का खातो, ते आठवा. गळ्यात थायरॉइड नावाची गाठ असते. तिला आयोडीन लागते. ते मिळाले नाही तर गलगंड होतो, आणि गरोदर बाईला मिळाले नाही तर पोटातल्या मुलाची वाढ, त्याची बुद्धी खुंटते. परक्लोरेट हे आयोडीनच्या वाटेत आडवे बसते. आयोडीन गाठीपर्यंत पोचूच देत नाही. म्हणजे मीठ चांगले खाल्ले तरी पाण्याने त्याचा उपयोग थोडाथोडा काढून घ्यावा, असा प्रकार.

२००६ साली त्या राज्याने कायदा केला. पिण्याच्या पाण्यात परक्लोरेट किती चालेल? एक लिटरला दोन मायक्रोग्रॅम. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दहा मीटर खोल असे भरलेले टाके मनात आणा. त्यात दहा लाख लिटर पाणी मावते. त्या सगळ्या पाण्यात दोन ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. एवढेच चालेल, त्याहून जास्त नाही. आता अशा कितीतरी चिमटी एका ज्योतीतून, आणि अशा ज्योती हजारांनी. वर रेताड जमीन.

ते पाणी साफ करायला बोर्नच्या परिसरात जमिनीतून पाणी उपसून, गाळून, पुन्हा जमिनीत सोडण्याचे काम वर्षानुवर्षे करावे लागले. काडी लावायला एक माणूस पुरला होता. पाणी साफ करायला किती लागले असतील, त्याचा हिशेब करावा.

वर्गात आम्ही ही हकिगत सांगितली तेव्हा आजोबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे जाळायची नाही, पुरायची नाही. मग करायचं काय तिचं?"

नळीतले धन

खरा विचार येथूनच सुरू होतो. जुनी ज्योत म्हणजे कचरा, असे आपण धरून चाललो. तिच्यात काय आहे ते पुन्हा पाहू.

मॅग्नेशियम मिळवणे सोपे नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते जेमतेम सव्वा ग्रॅम असते. म्हणजे एक किलो धातूला आठशे लिटर पाणी, आणि तेही थेंब वाया न गेला तर. तरीसुद्धा १९४१ साली, महायुद्धाच्या दिवसांत, अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम काढायला सुरुवात झाली. एवढी त्या धातूची निकड होती. आज जगातले बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्ये होते. तेथे डोलोमाइट नावाचा दगड भाजून, मग सुमारे १,२०० अंश उष्णतेच्या भट्टीत तापवून धातू काढतात. त्याला ढीगभर कोळसा लागतो. इतक्या कष्टाने काढलेला धातू खड्ड्यात टाकून त्याची राख करायची, हे कोणत्याही संसारी माणसाला पटणार नाही.

सोराही फुकट येत नाही. नळीचे ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते. छत्रीचे कापड तर उत्तमच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्याला कूपन लागू झाले. कापड मिळेना. तेव्हा तेथल्या मुलींनी पॅराशूटच्या रेशमाची आणि नायलॉनची लग्नाची वस्त्रे शिवली. कोणी ती नातींसाठी जपून ठेवली, कोणाची संग्रहालयांत ठेवलेली आहेत. ज्या कापडाला लोंबकळून माणूस आकाशातून उतरला, ते कापड नवरीच्या अंगावर. आम्हाला ही गोष्ट फार आवडते, म्हणून सांगितली.

मग हे धन वेगळे कसे करायचे?

तत्त्व तुमच्या स्वयंपाकघरातलेच आहे. मिठात वाळू मिसळली तर काय करता? पाणी ओतता. मीठ विरघळते, वाळू खाली बसते. पाणी गाळून आटवले की मीठ परत मिळते. ज्योतीतला सोरा विरघळणारा, धातू न विरघळणारा. तत्त्व एवढेच.

पण थांबा. मघाशी काय सांगितले? मॅग्नेशियमला पाणी लागले की पेटणारा वायू निघतो. म्हणजे साधी वाटणारी रीत येथे घातकी ठरते. त्यात चिकटा प्रत्येक कणाला लगडलेला, तो आधी सोडवावा लागतो. घासले तर ठिणगी, आपटले तर आग. एकदा पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी ओतले तर आग आणखी भडकते. म्हणून हे काम जाड भिंतीआड, दुरून चालवलेल्या यंत्रांनी, शिकलेल्या माणसांच्या देखरेखीखाली होते. हे काम घरात होत नाही, परसात होत नाही, भंगाराच्या दुकानात तर नाहीच नाही.

अमेरिकेत इंडियाना राज्यात क्रेन येथे नौदलाचे मोठे आगार आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथल्या रसायनशास्त्रज्ञांनी जुन्या ज्योती आणि रंगीत धुराचा माल न जाळता त्यातली द्रव्ये परत मिळतील का, याचा अभ्यास केला. पन्नास वर्षे होत आली. तरी उघड्यावर जाळणे सगळीकडे थांबलेले नाही. अमेरिकेत १९८० साली घातक कचरा उघड्यावर जाळायला बंदी झाली, पण निकामी स्फोटक मालाला सूट राहिली. का? तर तो नष्ट करण्याची दुसरी सुरक्षित रीत नाही, असे तेव्हा धरले गेले. पुढे २०१९ साली तेथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल छापून आला. बहुतेक मालासाठी दुसऱ्या चांगल्या रीती आता उपलब्ध आहेत, असे त्या अहवालाने सांगितले. मग अडते कोठे? पैशापाशी. काडी स्वस्त आहे.

धंदा म्हणून घेतले आणि फसले

पुन्हा वापरू, एवढे म्हणून भागत नाही. याची एक मोठी हकिगत अमेरिकेतच लुइझियाना राज्यात घडली. माल ज्योतींचा नव्हता, तोफेच्या दारूचा होता, पण धडा एकच.

कँप मिंडन नावाच्या फौजी जागेवर एका कंपनीने जुनी दारू नष्ट करण्याचे कंत्राट घेतले. दारू वेगळी काढायची आणि पुन्हा वापरायला विकायची, असा बेत. माल येत राहिला आणि साचत राहिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये एका कोठाराचा स्फोट झाला. चौकशीला माणसे गेली, तर दारूचे खोके आणि पिशव्या बाहेर, इमारतींत, जागा सापडेल तेथे रचलेल्या. शेजारचे डॉयलिन गाव काही दिवस रिकामे करावे लागले. एकूण साठा निघाला सुमारे ७,००० टन!

सरकारी खात्याने ठरवले, उघड्यावर जाळून टाकू. तेव्हा आसपासच्या गावांतले लोक उठले. त्यात शिकलेले होते, तसे साधे कामकरीही होते. ते सभांना गेले, कागद वाचले, प्रश्न विचारले. आमच्या घरांवरून हा धूर का जाऊ द्यायचा? अखेर खात्याला बेत बदलावा लागला. बंद भट्टी आणली, तिचा धूर गाळून सोडला. एप्रिल २०१७ मध्ये तो साठा संपला. कागद वाचता येणे किती कामाचे, ते येथे दिसते. आम्ही हे वाचनवर्गाचे पुस्तक म्हणून मुद्दाम सांगत नाही. घडलेच तसे.

सगळेच परत घ्यायचे नाही

आता नीट ऐका. जुन्या ज्योतीतले सगळे काढून नव्या शोभेच्या दारूत भरले, तर ते शहाणपण झाले का? नाही. धान्य निवडताना आपण खडे आणि कीड पुन्हा डब्यात टाकत नाही. मॅग्नेशियम घ्यावे, साधा सोरा घ्यावा, नळी आणि कापड घ्यावे. पण बेरियम आणि परक्लोरेट? ते पुन्हा फटाक्यात घातले, तर जे विष खड्ड्यात जळणार होते ते आपल्या दारात, पोराबाळांच्या नाकापाशी जळेल. पैसा वाचला म्हणून त्याला चांगले म्हणता येणार नाही. अशा वस्तू वेगळ्या काढून त्यांचे विष मारावे लागते. आम्हाला वाटते, या कामातला अर्धा कस मिळवण्यात आहे, अर्धा टाकण्यात आहे.

शिवाय मिळालेला धातूही जसाच्या तसा चालत नाही. भुकटी बारीक असली तर झटकन जळते, जाडी असली तर सावकाश. जुन्या कणांवर पांढरा थर असतो, तो कोठे कमी कोठे जास्त. कारागिराला प्रत्येक खेप तपासून घ्यावी लागते. तपासल्यावाचून वापरली तर ज्योत कधी फुसकी निघेल, कधी हातात फुटेल.

विष नसेल तर रंग कोठून येणार, असे कोणी विचारील. त्यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षे झटत आहेत. २०११ साली अमेरिकेत पिकॅटिनी येथल्या फौजी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी बेरियम न घालता हिरवा उजेड करून दाखवला. त्यांनी बोरॉन कार्बाइड वापरले. बोरॉन म्हणजे काही परके नव्हे. सोनार डाग देताना टाकणखार वापरतो, त्यात बोरॉन असते. कॅरमच्या फळीवर आपण बोरिक पावडर टाकतो, तिच्यातही तेच. आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिस्नेलँड म्हणून करमणुकीची मोठी बाग आहे. तेथे रात्री शोभेची दारू उडते. २००४ साली त्यांनी बाण वर फेकायला बंदुकीच्या दारूऐवजी दाबलेली हवा वापरायला सुरुवात केली. खालचा धूर त्यामुळे कमी झाला. सायकलीच्या पंपातली हवा ती, पण जोर मोठा.

आपल्याकडेही हे काम चालू आहे, आणि ते नागपूरला. तेथे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. लोक तिला नीरी म्हणतात. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली. त्या सुमारास नीरीने आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी कमी धुराचे फटाके तयार केले. त्यांना हरित फटाके म्हणतात. एका जातीत फुटताना पाण्याची वाफ निघते आणि ती धूळ खाली बसवते. दुसऱ्या जातीत ॲल्युमिनियम कमी घालतात. धुळीचे कण साध्या फटाक्यापेक्षा तीस टक्क्यांनी तरी कमी व्हावेत, असा हिशेब आहे. तीस कमी म्हणजे सत्तर राहिलेच, हेही विसरू नये. आणि हे फटाके जुन्या ज्योतींपासून केलेले नाहीत. दोन्ही वाटा निराळ्या आहेत. त्या एकत्र याव्यात, स्वच्छ निवडलेला जुना धातू कमी विषाच्या नव्या दारूत जावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

पुलगावची सकाळ

आपल्या महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे फौजेचे दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे. त्याच्याजवळ जुना माल नष्ट करण्याचे मैदान आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी तेथे निकामी दारूगोळ्याची खोकी उतरवणे चालू होते. स्फोट झाला. सहा माणसे गेली. पुष्कळजण जखमी झाले. मेलेल्यांत आणि जखमींत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते.

ती माणसे शत्रूच्या गोळीने मेली नाहीत. ज्या मालाचा लढाईत उपयोगच उरला नव्हता, तो वाहताना मेली. म्हणून जुन्या ज्योती वेगळ्या करण्याच्या कामाविषयी बोलताना आम्ही पहिल्यापासून यंत्र, भिंत आणि शिकलेला माणूस, असे घोकत आहो. हा माल सुटा करायचा असो, जाळायचा असो की नुसता उतरवायचा असो, त्याला हात लावणाऱ्याला आत काय आहे ते कळले पाहिजे. कामावर बोलावणाऱ्याला तुम्ही विचारू शकता, "खोक्यात काय आहे? त्यावर काय लिहिले आहे?" आता तुम्हाला वाचता येते. खोक्यावरची अक्षरे इंग्रजी असली तर ज्याला येतात त्याच्याकडून वाचून घ्या, आणि मगच खोके उचला.

सरावाच्या मैदानाशेजारी ज्यांची गावे आहेत, त्यांना आणखी एक सांगायचे आहे. रानात, ओढ्यात, समुद्राच्या किनाऱ्यावर कधी एखादी नळी सापडते. जड, धातूची, टोकाला टोपण, कधी सोबत छत्रीचे कापड. पोरे ती खेळायला आणतात. मोठी माणसे म्हणतात, ॲल्युमिनियम आहे, किलोला भाव येईल. भंगार वेचताना माणसे दगावल्याच्या बातम्या आपण ऐकतो, त्या अशाच. जळून गेलेली नळी आणि न जळलेली नळी बाहेरून पाहून ओळखता येईलच असे नाही. अर्धी जळून विझलेलीही असते, आणि ती सगळ्यांत वाईट.

अशी वस्तू दिसली तर उचलू नका, हलवू नका, तिच्यावर पाणी टाकू नका. जवळ बिडी पेटवू नका. पोरांना लांब न्या. जागा लक्षात राहील अशी दुरून खूण करा आणि पोलिसांना कळवा. ११२ हा आकडा कोणत्याही फोनवरून लावता येतो. पोलीस बॉम्ब शोधणारे आणि नष्ट करणारे पथक बोलावतात. त्या पथकाची माणसे येतात, पाहतात, आणि पुष्कळदा ती वस्तू तेथल्या तेथे, मोकळ्या जागी उडवून टाकतात. त्यांना ती उचलून नेण्यात धोका वाटतो म्हणून.

वर्गातल्या आजोबांनी यावर लगेच पकडले. "म्हणजे शेवटी जाळलीच की! आणि ते मॅग्नेशियम?"

ते गेले. त्या एका नळीतले मॅग्नेशियम गेले, सोरा गेला, कापडही गेले. जाऊ द्या, आजोबा.